कोवळ्या हातांतला कारभार
कंपनीचे 'रायटर', इंदापूरची पाहणी आणि आपले आरंभीचे मुद्रित गद्य

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला एक यादी आपण विद्यार्थ्यांना नेमाने सांगत असतो. १८०५ : विल्यम केरीचे मराठी व्याकरण. १८१० : त्याचाच मराठी-इंग्रजी कोश. १८१४ : 'सिंहासनबत्तिशी'. त्यापाठोपाठ 'हितोपदेश', 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी. छपाई श्रीरामपूरची, म्हणजे कलकत्त्याजवळच्या त्या वेळच्या डॅनिश वसाहतीतली. विद्यार्थी साल आणि नाव यांची जोडी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, आणि आपण बाळशास्त्री जांभेकरांकडे वळतो.

या यादीपाशी थांबून एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही पुस्तके वाचणार कोण होते? पुण्यात तेव्हा पेशव्यांची गादी होती, नागपुरात भोसले होते. पण तिथल्या कोणा शास्त्र्याने, कारकुनाने किंवा सावकाराने या पुस्तकांची मागणी केलेली नव्हती. गोव्यातील रोमन लिपीतले ख्रिस्ती वाङ्मय आणि तंजावरच्या सरफोजीराजांचा छापखाना हे अपवाद वगळले, तर आपल्या आरंभीच्या मुद्रित गद्याचा अपेक्षित वाचक मराठी माणूस नव्हताच. तो होता सोळा ते वीस वर्षांचा, नुकताच जहाजातून उतरलेला इंग्रज मुलगा. त्याच्या हाती लवकरच एखाद्या जिल्ह्याचा वसूल, एखादी फौजदारी कचेरी किंवा एखाद्या दरबारातील वकिलात यायची होती, आणि त्या कामाचे त्याला काडीचेही ज्ञान नव्हते. आपल्या भाषेचे पहिले छापील गद्य हे शिकाऊ उमेदवारांच्या हाती दिलेली कुबडी होती. ती कुबडी का लागली आणि ती मिळूनही काय घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

१. रायटर

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीची उतरंड व्यापारी पेढीची होती. सर्वांत खालची पायरी 'रायटर'ची. हा शब्द ऐकून साहित्याच्या विद्यार्थ्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. रायटर म्हणजे नक्कलनवीस : पत्रांच्या प्रती काढणारा, खतावणी लिहिणारा, वखारीतल्या गासड्या मोजणारा पोऱ्या. पाच वर्षे अशी उमेदवारी केली की 'फॅक्टर', पुढे तीन वर्षांनी 'ज्युनिअर मर्चंट', मग 'सीनिअर मर्चंट'. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला उतरला तो अठरा वर्षांचा रायटर म्हणून, आणि त्याचा पगार वर्षाला पाच पौंड होता. वॉरन हेस्टिंग्ज १७५० मध्ये कलकत्त्यास आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. निवड परीक्षेने होत नसे. कंपनीच्या संचालकांपैकी कोणाची तरी शिफारस असली की नेमणूक मिळे.

व्यापारी पेढीच्या दृष्टीने या व्यवस्थेत फारसे वावगे नव्हते. कापडाचे गठ्ठे मोजताना पोराची चूक झाली तर तोटा मालकाचा. वरिष्ठ कारकून शेजारी बसलेला असे. तो हिशेब तपासून चूक काढी आणि पोर शिकत जाई. आपल्याकडच्या सराफाच्या पेढीवरही असेच शिक्षण होत आले आहे. शिकण्याची किंमत ज्याला शिकवायचे आहे त्याच्याच खिशातून जाते, म्हणून तो लक्षही ठेवतो.

१७६५ मध्ये शहाआलम बादशहाकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली आणि हे गणित उलटले. पेढीचे राज्य झाले, पण माणसे पेढीचीच राहिली. काल जो गासड्या मोजत होता त्याला आज परगण्याचा वसूल पाहायचा होता. १७६९ मध्ये गव्हर्नर व्हेरेल्स्टच्या कारकिर्दीत कंपनीच्या कनिष्ठ नोकरांना 'सुपरवायजर' म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवण्याचा निर्णय झाला. जमिनीचे प्रकार, जमीनदारांचे हक्क, बाजारभाव, न्यायाच्या रूढी या सर्वांची त्यांनी चौकशी करावी अशी अपेक्षा होती. अपेक्षा चांगलीच होती. परंतु ज्यांना प्रश्न विचारण्यापुरतीही स्थानिक भाषा येत नव्हती, त्यांच्याकडून तिची पूर्तता कशी व्हावी?

आणि नेमक्या त्याच सुमारास पाऊस गेला. १७६९-७० चा बंगालचा दुष्काळ हा आधुनिक भारताच्या इतिहासातील भीषण अध्यायांपैकी एक होय. प्रांताची सुमारे एक तृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली असावी, असा अंदाज पुढे हेस्टिंग्जने संचालकांना कळवला. त्याच पत्रातील दुसरी माहिती अधिक अस्वस्थ करणारी आहे : १७७१ चा निव्वळ वसूल दुष्काळापूर्वीच्या १७६८ च्या वसुलापेक्षाही जास्त होता. दुष्काळ कोवळ्या सुपरवायजरांनी आणला असे कोणी म्हणणार नाही, आणि वसुलाचे धोरणही त्यांचे नव्हते. पण प्रांत मरत असताना तो वसूल थांबवण्याचे भान किंवा अधिकार ज्यांच्याकडे असावा, अशी माणसे त्या जागांवर नव्हती.

हेस्टिंग्ज स्वतः याच शिडीवरून चढलेला. तरी १७७२ मध्ये गव्हर्नर झाल्यावर एका खासगी पत्रात त्याने जो सूर लावला तो उद्वेगाचा आहे. नोकरीतली पोरेच या देशाची सार्वभौम धनी होऊन बसली आहेत आणि प्रजेला त्यांचे राज्य जड जात आहे, असा त्या तक्रारीचा आशय आहे. अकरा वर्षांनी, १७८३ च्या डिसेंबरात, एडमंड बर्कने पार्लमेंटात हेच दुखणे अधिक धारदार शब्दांत मांडले. तिकडे जवळजवळ पोरवयाची माणसे राज्य करतात, त्यांचा प्रजेशी संबंध नाही आणि सहानुभूतीही नाही. ती येतात, वेचून घेतात आणि उडून जातात. बर्कचा मुख्य रोख लुटीवर होता. परंतु लुटीइतकाच अज्ञानाचा मुद्दाही त्याच्या भाषणात आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

२. कॉलेज आणि पंडित

या दुखण्यावर पहिला मोठा उपाय केला तो लॉर्ड वेलस्लीने. १८०० मध्ये त्याने कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. स्थापनेच्या समर्थनार्थ त्याने लिहिलेले टिपण मुळातून वाचण्यासारखे आहे. रायटर, फॅक्टर, मर्चंट ही नावे आता निरर्थक झाली आहेत. कंपनीचे नोकर वस्तुतः न्यायाधीश, दंडाधिकारी, वसूल अधिकारी आणि राजदूत आहेत. आणि तरीही ते सोळाव्या-सतराव्या वर्षी, धड शालेय शिक्षणही पुरे न करता येतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. अननुभवी माणसाच्या हाती मोठे काम देणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ निदान त्या काळात क्वचितच कोणी केले असेल.

निदान स्वच्छ असले तरी कामाला जुंपण्याआधी शिकवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. येथे आपल्या पाठ्यक्रमातील यादी प्रवेश करते. केरी १८०१ मध्ये कॉलेजात दाखल झाला तो बंगाली आणि संस्कृतचा शिक्षक म्हणून. मराठीचे काम त्याच्याकडे नंतर आले. मराठे सरदारांशी युद्ध जुंपलेले असताना आणि भोसल्यांचा मुलूख कंपनीच्या सरहद्दीला भिडलेला असताना मराठी जाणणाऱ्या नोकरांची गरज भासणे स्वाभाविक होते. केरी स्वतः मराठी मुलखात राहिलेला नव्हता. त्याचे व्याकरण आणि कोश उभे राहिले ते वैजनाथशास्त्री या पंडिताच्या खांद्यावर. व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरीने त्याचे ऋण मान्य केले आहे. या पुस्तकांतल्या मराठीला नागपुरी वळण का, याचे उत्तरही तिथेच सापडते.

व्याकरणाला जोडलेले संवाद या संदर्भात पाहावेत. ते रोजच्या व्यवहाराचे आहेत, कारण शिकणाऱ्याला उद्या नोकर, कारकून, रयत यांच्याशी बोलायचे आहे. 'हितोपदेश' आणि 'सिंहासनबत्तिशी' का निवडली गेली याचाही उलगडा होतो. छोट्या गोष्टी, पुनरावृत्ती, सरळ वाक्ये, नीतिबोध : नवशिक्या वाचकाला आणखी काय लागते? आपण या पुस्तकांवर 'भाषांतरित', 'कृत्रिम', 'वाङ्मयीन मूल्य अल्प' असे शेरे मारतो. ते शेरे खोटे नाहीत. पण क्रमिक पुस्तकाला कादंबरीची फूटपट्टी लावण्यासारखे आहेत. यांतली बरीचशी पुस्तके मोडीत छापली गेली हेही याच कारणाने. कचेरीतले कागद मोडीत असत, आणि शिकाऊ अधिकाऱ्याला ते वाचता यायला हवे होते.

कॉलेजच्या आतील उतरंडही बोलकी आहे. बंगाली विभागात केरीला महिना ५०० रुपये मिळत. मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना २००, आणि ज्यांच्या हातून बंगाली गद्याचे आरंभीचे छापील पुस्तक लिहून झाले त्या रामराम बसूंना ४०. ज्यांच्याजवळ ज्ञान होते ते पगाराच्या तळाशी. ज्या विद्यार्थ्यांना ते शिकवीत, ते उद्या त्यांच्याच गावचे हाकीम होणार. शिष्य गुरूचा धनी होणार हे दोघांनाही ठाऊक असलेला असा वर्ग कसा चालत असेल, याची कल्पना शिक्षकी पेशातल्या वाचकाने करून पाहावी.

वेलस्लीचा हा थाट संचालकांना महागडा वाटला. १८०२ मध्ये त्यांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम पाठवला. पुढे तडजोड होऊन ते मुख्यतः भाषा शिकवण्यापुरते उरले. १८०६ मध्ये इंग्लंडातच हर्टफर्ड येथे कंपनीचे कॉलेज निघाले आणि १८०९ पासून ते हेलिबरीच्या इमारतीत भरू लागले. आता उमेदवार येथे येण्यापूर्वीच तयार होऊन येणार होता. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. प्रश्न सुटला असे कोणालाही वाटावे. तो कसा सुटला नाही, हे पुणे जिल्ह्याने पाहिले.

३. तरून गेलेल्यांची गोष्ट

त्याआधी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव पुढे करून असे म्हणता येईल की कोवळ्या वयात अंगावर पडलेल्या जबाबदारीनेच मोठी माणसे घडली. एल्फिन्स्टन १७९६ मध्ये कलकत्त्यास उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. १७९९ मध्ये बनारसला वजीर अलीच्या माणसांनी इंग्रज अधिकाऱ्यांना कापून काढले, त्यातून तो कसाबसा वाचला. १८०१ मध्ये पुण्याच्या वकिलातीत साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. १८०३ मध्ये, लष्करी शिक्षणाचा गंधही नसताना, तो आर्थर वेलस्लीच्या सोबत असईच्या रणांगणावर घोड्यावर होता. आणि युद्ध संपल्यावर चोविसाव्या वर्षी नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला. रघुजी भोसले दुसरे यांच्यासारख्या मुरब्बी राजापुढे बसून हा तरुण कंपनीच्या वतीने बोलणार होता. पुढे पुण्याचा रेसिडेंट, १८१८ नंतर दख्खनचा कमिशनर, १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर अशी त्याची चढती कमान आपल्याला माहीत आहे.

एल्फिन्स्टनची बुद्धी, त्याचे वाचन, त्याची संयमी दृष्टी यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण एका यशावरून पद्धतीचे समर्थन करणे म्हणजे विहिरीत ढकललेल्यांपैकी जो पोहून वर आला त्यालाच ढकलण्याचे फायदे विचारणे होय. बुडालेल्यांची साक्ष दप्तरात नसते. शिवाय येथे बुडणारा प्रत्येक वेळी तो तरुण स्वतःच असे, असेही नाही. बहुतेकदा दुसरेच कोणी बुडत असे, आणि तरुणाची बदली होई.

साताऱ्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८१८ मध्ये कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे 'हिस्टरी ऑफ द मराठाज' लिहिणारा ग्रँट डफ, साताऱ्याचा पोलिटिकल एजंट झाला. वय अठ्ठावीस-एकोणतीस. छत्रपती प्रतापसिंह त्याच्याहून तीन-साडेतीन वर्षांनी लहान. राज्य छत्रपतींचे, पण त्यांना कारभाराचा अनुभव नाही म्हणून १८२२ पर्यंत तो ग्रँटने पाहायचा आणि महाराजांनी त्याच्याकडून शिकायचे, अशी व्यवस्था झाली. अनुभव तर सैन्यातून आलेल्या ग्रँटलाही मुलकी कारभाराचा नव्हता. दोघेही नवशिके, एक शिक्षक ठरला आणि दुसरा विद्यार्थी. अननुभव हा गुण की दोष, हे अनुभवावर ठरत नव्हते. ते सत्ता कोणाकडे आहे यावर ठरत होते. पुढे प्रतापसिंहांनी कारभार चांगला केला असे इंग्रजच म्हणत राहिले, आणि १८३९ मध्ये त्यांनीच त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले.

४. इंदापूर

पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनचे धोरण जुनी घडी फारशी न मोडण्याचे होते. चॅप्लिन त्याच्या जागी कमिशनर झाल्यावरही काही वर्षे साधारण तसेच चालले. पण वसुलाचे दर गावोगाव वेगळे, मोजमापे वेगळी, मिरासदार आणि उपरी यांचे हक्क वेगळे. साहेबाच्या टेबलावर मावेल असे यात काहीच नव्हते. म्हणून १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याची शास्त्रशुद्ध पाहणी करण्याचे ठरले आणि ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या असिस्टंट कलेक्टरकडे सोपवण्यात आले. प्रिंगलचा जन्म १८०२ चा. म्हणजे पंचविशीच्या आसपासचा हा तरुण. हेलिबरीत शिकलेला, माल्थसच्या तासांना बसलेला आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त डोक्यात पक्का बसलेला.

तो सिद्धान्त कागदावर अत्यंत नेटका आहे. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च आणि कसणाऱ्याचा वाजवी नफा वजा केला की उरते ते निव्वळ उत्पन्न. तो जमिनीच्या सुपीकतेमुळे मिळणारा वरकड लाभ आहे. तेव्हा त्यातला मोठा वाटा सरकारने घेतला तरी शेतीला इजा होणार नाही. प्रिंगलने हा वाटा शेकडा ५५ ठरवला. आता उरले होते एवढेच, की प्रत्येक शेत मोजायचे, त्याची प्रत लावायची, त्या प्रतीच्या जमिनीत सरासरी काय पिकते ते काढायचे, बैल, बी, मजुरी, खत यांचा खर्च काढायचा आणि वजाबाकी करायची.

शेती जवळून पाहिलेल्या कोणालाही हे 'एवढेच' किती प्रचंड आहे ते कळेल. इंदापूर हा अवर्षणाचा तालुका. तिथे सरासरी पीक म्हणजे काय? एका वर्षी ज्वारी खळ्यात मावत नाही आणि पुढची दोन वर्षे कडबाही हाती येत नाही. खर्च कसा मोजायचा, जेव्हा बैल भावाचा असतो, मजुरी घरच्या बायामुलांची असते आणि त्याची नोंद कुठेच नसते? पूर्वीच्या व्यवस्थेत साऱ्याचा बोजा पाटील आणि भाऊबंद आपसांत ओढूनताणून वाटून घेत. वाईट साली सूट मागितली जाई, घासाघीस होई. त्या घासाघिशीत अन्याय नव्हता असे नाही, पण पावसाची दखल होती. नव्या कोष्टकात ती नव्हती.

आणि एवढी मोजणी करायची कोणी? पंचविशीतला साहेब प्रत्येक शेतावर जाऊ शकत नव्हता. मोजणी, प्रतबंदी, उत्पन्नाचे आकडे हे सारे हाताखालच्या देशी नोकरांनी करायचे होते, आणि ते बरोबर की चूक हे ओळखण्याचा साहेबापाशी मार्ग नव्हता. ज्याने पैसे दिले त्याची काळी जमीन खडकाळ नोंदली गेली. ज्याने दिले नाहीत त्याचा माळ काळा झाला. अधिकाऱ्याचे अज्ञान ही अशी मोकळी जागा असते की तिथे हाताखालच्या माणसाची सत्ता आपोआप वस्तीला येते.

१८३० मध्ये नवे दर लागू झाले. धान्याचे भाव उतरलेले होते, पावसाचा भरवसा नव्हता. परिणाम काय झाला ते राष्ट्रीय बाण्याच्या लेखकांनी नव्हे, तर मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालाने नोंदले आहे. वसुलासाठी कायदेशीर आणि बेकायदा सर्व उपाय झाले, रयतेचा छळ झाला, लोक घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानांत पळून गेले, आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी एक तृतीयांशाहून अधिक जमीन वहितीखाली राहिली नाही. साठ वर्षांपूर्वीच्या बंगालची ही लहान प्रमाणावरची आवृत्ती होती. फरक इतकाच, की बंगालचा सुपरवायजर काही न शिकता आला होता आणि प्रिंगल शिकून आला होता.

प्रिंगलचे काय झाले? काही बिघडले नाही. १८४७ मध्ये चार्ल्स नेपियरच्या मागून तो सिंधचा कमिशनर झाला. तो दुष्ट होता असे म्हणण्यास आधार नाही. त्याचे कष्ट आणि प्रामाणिकपणा यांविषयी त्याचे टीकाकारही वाईट बोलत नाहीत. इंदापुरात जे घडले तो त्याच्या दृष्टीने अनुभव होता. तो अनुभव ज्यांच्या संसारावर घेतला गेला, त्यांच्या नावांची यादी कोणत्याही दप्तरात नाही.

५. तेच वय, तेच गाव

ही हकिकत येथेच संपवली तर तरुणांना मोठी कामे देऊ नयेत असा सोपा बोध निघेल. तो चुकीचा ठरेल, कारण प्रिंगलची चूक दुरुस्त करणारेही तरुणच होते. १८३५ मध्ये इंदापुरात नवी पाहणी सुरू केली ती असिस्टंट कलेक्टर हेन्री गोल्डस्मिड आणि इंजिनिअर पलटणीतला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी. दोघांचाही जन्म १८१२ चा, म्हणजे तेविशीतले. प्रिंगलपेक्षाही लहान.

फरक वयात नव्हता, तो कामाच्या पद्धतीत होता. या दोघांनी निव्वळ उत्पन्न काढण्याचा हट्ट सोडून दिला. जे मोजता येत नाही ते मोजल्याचे सोंग करायचे नाही, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होय. मातीचा रंग, पोत, खोली अशा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि पुन्हा तपासता येणाऱ्या खुणांवरून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या. दर ठरवताना सिद्धान्त बाजूला ठेवून मागच्या वर्षांत प्रत्यक्ष वसूल काय झाला आणि लागवड कधी वाढली-घटली हे पाहिले. दर उतरवले आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी कायम केले. हाताखालच्या माणसाने लावलेली प्रत वरिष्ठाने काही शेतांवर स्वतः जाऊन पडताळायची, अशी तरतूद केली. ओसाड जमीन पुन्हा वहितीस आली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली.

या यशालाही मर्यादा आहेत. साऱ्याची रोख मागणी ठरावीक तारखेला यायची ती आलीच. रयत सावकाराच्या दाराशी गेली. आणि १८७५ च्या मे महिन्यात इंदापुराशेजारच्याच भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तथापि आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरेसे आहे की अननुभव असाध्य नसतो. मात्र आपल्याला काय ठाऊक नाही हे जाणण्याची आणि चूक वेळीच उघडी पडण्याची सोय कामातच असावी लागते.

भाषेच्या क्षेत्रात असेच एक उदाहरण आहे. जेम्स मोल्सवर्थ १८१२ मध्ये सोळाव्या वर्षी कंपनीच्या सैन्यात भरती होऊन आला. त्यालाही मराठी येत नव्हते. पण त्याने ते कारकुनावर सोपवले नाही. नोकरीत असतानाच तो शब्द जमवू लागला, आणि सरकारने काम हाती घेतल्यावर टॉमस आणि जॉर्ज कँडी हे बंधू व शास्त्रीमंडळी यांच्यासह १८३१ मध्ये सुमारे ४०,००० शब्दांचा कोश सिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या ६०,००० वर गेली. या साऱ्या शब्दांमागे कोणाला तरी 'याला काय म्हणतात?' असे विचारणे आहे. केरीची पुस्तके शिकाऊ अधिकाऱ्यासाठी लिहिली गेली होती. मोल्सवर्थच्या कोशात एका शिकाऊ माणसाने आयुष्यभर शिकाऊ राहण्याचे ठरवले, असे म्हणता येईल. पहिल्यांचे मोल आज ऐतिहासिक आहे, कोश मात्र आपण अजून उघडतो.

६. उमेदवार

आता ज्या शब्दावाचून हा लेख लिहिता आला नसता त्याकडे वळू. उमेद म्हणजे आशा; उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. निवडणुकीच्या पत्रकांवर हा शब्द आज रुबाबात मिरवतो, पण एकोणिसाव्या शतकातील मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणजे बिनपगारी राबणारा मुलगा. तो कागद लावी, नकला करी, मोडी घटवी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. आपल्या भाषेने या अवस्थेचे नाव शिक्षणावरून ठेवले नाही, पगारावरूनही ठेवले नाही, आशेवरून ठेवले.

म्हणजे एकाच कचेरीत दोन शिकाऊ होते. एकाला काम येत नव्हते, पण अधिकार, पगार आणि बढती निश्चित होती. दुसरा वर्षानुवर्षे काम शिकून पारंगत होई, पण १७९३ नंतर वरची पदे करारबद्ध युरोपीय नोकरांसाठीच राखलेली असल्याने त्याची शिडी शिरस्तेदाराच्या आसपास संपे. अनुभव एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे अशी फाळणी झाली की दोन्ही नासतात. अनुभवी माणूस जबाबदारी नसल्याने चतुर होतो आणि जबाबदार माणूस अनुभव नसल्याने परावलंबी.

या फाळणीचे सर्वांत कठोर परीक्षण मराठीत महात्मा फुल्यांनी केले. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांवर ठेवलेला आरोप असा, की ऐषारामात गुंग राहिल्याने शेतकऱ्यांच्या खऱ्या स्थितीची माहिती करून घेण्यास त्यांना सवड नाही आणि म्हणून सर्व खात्यांत भटकामगारांचे प्राबल्य माजले आहे. आपण हा ग्रंथ जातिव्यवस्थेचे आणि शेतीच्या दुरवस्थेचे परीक्षण म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. पण इंदापूरच्या पार्श्वभूमीवर तो वाचला की त्याचा आणखी एक पदर उलगडतो. साहेबाचे अज्ञान आणि कारकुनाचे ज्ञान एकमेकांना पूरक कसे ठरतात आणि दोन्हींचा भार तिसऱ्याच्या पाठीवर कसा पडतो, याचे ते विश्लेषण आहे. बर्कला प्रजा दिसत होती ती लांबून, दयेचा विषय म्हणून. फुल्यांनी तिच्या बाजूने उभे राहून कचेरीकडे पाहिले, म्हणून त्यांना तिथली यंत्रणा दिसली.

७. समारोप

कंपनीचे कॉलेज १८५८ मध्ये बंद झाले. त्याआधीच, १८५५ पासून, शिफारशीच्या जागी स्पर्धा परीक्षा आली. पण नवशिक्यावर त्याच्या आवाक्याबाहेरचे काम टाकण्याची रीत कंपनीबरोबर संपली नाही. आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर आलेला तरुण पहिल्याच वर्षी तीन-चार अभ्यासपत्रिका शिकवताना दिसतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपले विद्यार्थीही कार्यप्रशिक्षणासाठी बाहेर जाऊ लागले आहेत. त्यांना 'संधी' मिळते असे आपण म्हणतो. बहुतेकदा ती खरीच संधी असते. अनुभव काम केल्यावाचून येत नाही, आणि काम अनुभवावाचून मिळू नये असा नियम केला तर जग थांबेल.

तेव्हा या माणसाला अनुभव आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याची चूक झाली तर ती कोणाला सोसावी लागेल, ती त्याला कोण आणि कधी दाखवून देईल, आणि ज्याच्याकडून तो शिकतो आहे त्याचे नाव व मोबदला कागदावर आहे का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पेढीवरच्या पोऱ्याच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांना उत्तरे होती. इंदापुरात १८३० मध्ये एकालाही नव्हते.

वाङ्मयेतिहासाच्या तासाला ती यादी आपण पुढेही सांगणारच आहोत. ती सांगताना १८०५ पुढे केरीच्या नावाशेजारी वैजनाथशास्त्र्यांचे नाव लिहावे, आणि हे पुस्तक कोणाला काय येत नव्हते म्हणून छापले गेले, तेही विद्यार्थ्यांना सांगावे. मग पाठ करायची सनावळी त्यांना एका देशाच्या कारभाराची हकिकत वाटू लागेल, आणि इंदापूरचे ओस पडलेले शेत त्या हकिकतीत कुठे बसते, हे ते आपणहून विचारतील.